लोखंड धरणारी सून

तुमची सून काय करते असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, ती लोखंड धरते. समोरचा हसतो. हसू दे. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. पुढची सगळी अक्कल मला फरीदाबादच्या कारखान्यात आली. तिथे लोखंडी पाइप आणि अँगल यायचे, त्यांचा गंज आम्ही ॲसिडच्या टाकीत काढायचो, मग धुऊन पुसून त्यांना वितळलेल्या जस्तात बुडवायचो. जस्ताचं कातडं चढलं की ते लोखंड ऊनपावसात वर्षानुवर्षं टिकतं. दिल्लीच्या रस्त्यावरचे कितीतरी दिव्यांचे खांब माझ्या हातून गेलेत. त्यामुळे लोखंड म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये, असं माझं मत होतं. अजूनही थोडंफार आहे.

बायको गेल्यावर मुलाने मला मयूर विहारच्या फ्लॅटवर आणलं. मुलगा सरकारी कार्यालयात आहे. सून अमरावतीकडची, रसायनात एम. एस्सी. आणि त्याच्याही पुढचं काहीतरी शिकलेली. गंमत अशी की जे फरीदाबाद सोडून मी इकडे आलो, त्याच फरीदाबादला ती रोज मेट्रोने जाते. तिथे औषधं शोधायची एक प्रयोगशाळा आहे. लग्न झालं तेव्हा ती एका रंगाच्या कंपनीत होती. औषधाकडे ती वळली आमच्या नातीमुळे.

नात सहा महिन्यांची असताना पांढरीफटक पडायला लागली. डॉक्टरांनी थॅलेसेमिया सांगितला. म्हणजे अंगात धड रक्तच तयार होत नाही. मुलगा आणि सून, दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा दोष होता आणि दोघंही धडधाकट, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. आमच्यात लग्नाला पत्रिका बघत नाहीत, आणि न बघण्याचा मला मोठा अभिमान होता. पण पत्रिकेच्या जागी रक्त तपासून घ्यावं, हे त्या वेळी आम्हाला कुणी सांगितलंही नाही.

तेव्हापासून पोरीला दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवतात. मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. मग सुनेने मला समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या रक्ताबरोबर त्याचं लोखंडही येतं, आणि माणसाच्या अंगाला लोखंड बाहेर टाकायची वाटच नाही. ते साठत जातं, आधी यकृतात, मग इकडेतिकडे, आणि शेवटी हृदयात. मी म्हणालो, लोखंड तर ताकदीचं असतं. ती म्हणाली, बाबा, ताकदीचं असतं ते जागेवर असलं तर. पोरीच्या अंगात ते मोकाट फिरतंय. म्हणून त्याला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध लागतं.

अशी औषधं आहेत. पोरीला आधी गोळ्या होत्या, पण त्यांनी तिच्या मूत्रपिंडाला त्रास व्हायला लागला. मग पंप आला. पंप म्हणजे मुठीएवढं बॅटरीवर चालणारं यंत्र, त्यात औषधाची सिरिंज बसवायची, पोटाच्या कातडीत बारीक सुई टोचायची, आणि संध्याकाळी लावलेला पंप सकाळी काढायचा. रोज. तो कमरेला अडकवायला मी पोरीला करोल बागेतून चमकत्या टिकल्या लावलेलं पाकीट घेऊन दिलं होतं. पहिले काही महिने तिला ते आवडलं. दहावीत गेल्यावर टिकल्यांनी काही भागेना. पोटावर गाठी यायच्या, सुई टोचायला नवी जागा सापडायची नाही, मैत्रिणीकडे मुक्कामाला जायचं म्हटलं की हे लटांबर बरोबर. आणि त्याच वर्षी तपासणीत निघालं की लोखंड हृदयाला लागलंय. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकही दिवस चुकवायचा नाही.

सून त्याच सुमारास नव्या औषधावर काम करत होती. तोंडाने घ्यायचं, लोखंडाला घट्ट धरणारं आणि मूत्रपिंडाला न छळणारं. वर्षानुवर्षं तिचं एकच चाललेलं. औषधाच्या रेणूला इथे एक शेपूट लाव, तिथलं एक टोक काढ, पुन्हा तपास. जेवताना कधी हातातला घास तसाच राहायचा आणि ती भिंतीकडे बघत बसायची. मुलगा म्हणायचा, मॅडम लॅबमध्ये आहेत, त्यांना पोळी वाढू नका.

फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला त्यांच्या प्रयोगशाळेत घरच्या माणसांना आत सोडतात. मी गेलो. स्वच्छ शर्ट घातला, जयंतीला घालतो तो निळा कोट घातला. आत सगळं काचेचं आणि पांढरं. माझ्या कारखान्यात श्वास घेतला तर घसा जळायचा, इथे कसलाच वास नाही, मला जरा चुकल्यासारखंच झालं. सुनेने एका बारीक नळीत पाण्यासारखं काहीतरी घेतलं आणि म्हणाली, हे माझं औषध. मग दुसऱ्या बाटलीतून लोखंडाचा एक थेंब टाकला. सगळी नळी एकदम लालभडक झाली. जांभळाचा नाही, कुंकवाचा नाही, कोकमाच्या सरबताला उन्हात धरल्यावर दिसतो तसा लाल. मी आयुष्यभर लोखंड हाताळलं, पण त्याला कुणी असं अलगद पकडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही ॲसिडने ओरबाडायचो. हिने नुसतं बोलावलं आणि ते गेलं.

मग तिने दुसऱ्या नळीत जस्ताचा थेंब टाकला. काही झालं नाही. मी लगेच म्हणालो, बघ, जस्ताला हात लावत नाही, फक्त लोखंड धरतं. आजूबाजूला दोन-चार माणसं होती, त्यांना ऐकू जाईल असंच म्हणालो. जस्त माझा विषय.

ती हसली. "तसं नाही बाबा. जस्ताला धरलं तरी रंग येत नाही. रंग आला नाही म्हणजे आपल्याला काहीच कळलं नाही."

हे मला पटलं नाही. डोळ्याला दिसतं ते दिसतं. पण परक्या जागी वाद नको म्हणून मी गप्प बसलो आणि घरी येईपर्यंत ते लाल पाणी डोळ्यासमोरून हलेना. पोरीच्या हृदयात लोखंड साठतंय आणि त्याला धरणारं पाणी त्या नळीत तयार आहे. मध्ये फक्त मेट्रोचा रस्ता.

दुसऱ्या दिवशी सून स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मी सरळ सांगितलं, औषध तर तयार आहे, त्यातलं थोडं घरी आण आणि पोरीला दे. ती नाही म्हणाली. मी म्हणालो, तू आई आहेस की नोकर. ती तरी शांतच. ते औषध अजून फक्त उंदरांना चाललंय, उंदरांचंच अजून पुरतं झालेलं नाही, असं म्हणाली. मी म्हणालो, पोरीच्या हृदयाला हे सांग. मी आवाज चढवला होता, ते खरं आहे. तेव्हा तिने मला विचारलं.

"बाबा, कारखान्यात नवं ॲसिड आलं की तुम्ही पहिल्यांदा काय बुडवायचात?"

"भंगारातला तुकडा."

"गिऱ्हाइकाचा माल का नाही?"

"खराब झाला तर?"

"मग ही तर आपली पोर आहे."

तिला वाटलं मी संपलो. मी संपणारा नव्हे.

"बरं. मग उंदरांचं झालं की तू हे ज्या परक्या पोरांना देणार, ती काय भंगार आहेत?"

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही. म्हणूनच तर इतकी वर्षं लागतात."

मला उत्तर आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही. मी म्हणालो, मग मला दे. माझं काय जायचंय, माझ्यावर बघ. तेव्हा मात्र ती खरंच हसली. म्हणाली, बाबा, तुम्हाला शुगर, तुम्हाला बीपी, उंदीरसुद्धा आम्ही तुमच्यापेक्षा धडधाकट बघून घेतो. भाजी पुन्हा चिरायला लागली. विषय तिच्याकडून मिटला होता.

माझ्याकडून मिटला नव्हता, आणि आतल्या खोलीत नात ऐकत होती, तिच्याकडून तर नव्हताच. तिने त्या सगळ्या बोलण्यातून एकच गोष्ट उचलली, की आईची गोळी तयार होतेय. त्या आठवड्यात तिने पंप लावायचं बंद केलं. पाकिटासकट तो कपाटावर ठेवून दिला. मी समजवायला गेलो तर म्हणाली, "आबा, तुम्हीच तर म्हणालात ना, औषध रेडी आहे. मग आता हे क्यों?"

मी म्हणालो, तुझी आई नाही म्हणते. ती म्हणाली, आई तो हर चीज को ना बोलती है, थोडे दिवस थांबू या, यार. दिल्लीत वाढलेली पोर, अर्धं बोलणं हिंदीत, पण हट्ट पूर्ण आमच्या घरचा.

तिचे ते पंपाशिवायचे दिवस घरात कुणालाच गोड लागले नाहीत. डॉक्टरांचं एकही दिवस चुकवायचा नाही हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या कानात होतं. मुलगा ओरडला. पोरीने खोलीचं दार लावून घेतलं. सून दाराबाहेर बसून तिच्याशी बोलली, रोज बोलली, की पंप लाव, माझ्या औषधाचं काय होतं ते कळलं की मी पहिल्यांदा तुला सांगेन. पोर आतून म्हणायची, मग कळल्यावरच बघू.

एका संध्याकाळी मुलाने सुनेला बाल्कनीत नेलं. मी तिथेच खुर्चीवर होतो, मला उठवलं नाही त्याने. म्हणाला, तू तिला सांगून टाक ना, की औषध फेल गेलं. एवढं एक वाक्य. लगेच पंप लावेल ती.

मला कल्पना बरी वाटली. पोरीचा जीव मोठा की एक वाक्य मोठं? मी मान डोलावली.

सून म्हणाली, "फेल गेलं नाहीये अजून. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी सांगेन."

मुलगा चिडला. तुला तुझं औषध जास्त प्यारं आहे, असं काहीतरी बोलला. मी त्याला गप्प केलं, ते वाक्य मला सहन झालं नाही. सून आत गेली, कपाटावरचा पंप काढला आणि रोजच्यासारखी सिरिंज भरून, पंप तयार करून नातीच्या दाराशी ठेवून आली. सकाळी तो तसाच होता. तयार केलेलं औषध फार वेळ ठेवता येत नाही, तिने ते ओतून टाकलं आणि संध्याकाळी पुन्हा नवं भरलं. असं तिने रोज केलं. त्या बाईचा संयम पाहून मला माझ्या हट्टाची किंमत कमी वाटायला लागली, आणि माझा हट्ट काही साधासुधा नाही.

प्रयोगशाळेत त्या वेळी काय चाललं होतं ते मला तिने नंतर सांगितलं. उंदरांच्या अंगातलं लोखंड झपाट्याने उतरत होतं. तिचे मोठे साहेब खूश होते, पुढच्या टप्प्याची तयारी करा म्हणाले होते. पण ती रोज स्वतः जाऊन उंदीर बघायची. तिच्या लक्षात आलं की काहींच्या तोंडाभोवतीचे केस विरळ झालेत. बाकीचे म्हणाले, पिंजऱ्याला घासून जातात. असेलही. तिने साहेबांना सांगितलं, मला यांच्या रक्तातलं जस्त मोजायचंय. साहेब म्हणाले, ते आत्ता ठरलेलं नाही, वेळ जाईल, मूत्रपिंडं तर छान आहेत. तिने आग्रह धरला. तिचा आग्रह म्हणजे ओरडाआरडा नाही. ती रोज सकाळी जाऊन तेच वाक्य त्याच आवाजात बोलते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी साहेब हो म्हणाले.

जस्त कमी निघालं. तिचं औषध लोखंडाला धरत होतं आणि जाता जाता जस्तालाही नेत होतं. जस्त गेलं की कातडी बिघडते, जखमा भरत नाहीत, वाढत्या पोराची वाढ थांबते. नळीत दिसलं नसतं. तिथे रंगच येत नाही.

तिने स्वतः उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, हा रेणू इथेच थांबवू या. तिची त्यातली वर्षं मी पाहिली आहेत. मी कारखान्यात अशी माणसं पाहिलीत की जस्त नीट बसलं नाही की वरून चंदेरी रंग मारून माल गाडीत भरायची. गिऱ्हाइकाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळायचं नाही. मी कधी रंग मारला नाही, त्यापायी दोनदा मुकादमाशी भांडलो, आणि हे मी सगळ्यांना सांगत आलोय. पण माझा तो माल मालकाचा होता. हिने जे थांबवलं ते तिचं स्वतःचं होतं, आणि तिची पोर त्याची वाट बघत होती. एवढं माझ्याच्याने झालं असतं की नाही, मी सांगू शकत नाही.

त्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला घरी आली. चपला काढल्या, हात धुतले. मी दिवाणखान्यात होतो, मला वाटलं आधी मला काहीतरी बोलेल. ती सरळ नातीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, दार उघड, सांगायचंय. पोरीने दार उघडलं. मीही मागोमाग गेलो, मला कुणी बोलावलं नव्हतं.

सून पलंगाच्या कडेला बसली. "माझं औषध बंद केलं आज आम्ही."

पोरीने तिच्याकडे बघितलं. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत, बाल्कनीतलं बोलणं तिच्यापर्यंत कधीच पोचलं होतं.

"पप्पांनी बोलायला लावलं?"

"नाही. मी जस्त मोजलं."

मग तिने पोरीला सगळं सांगितलं, उंदरांच्या केसांपासून. मोठ्या माणसाला सांगतात तसं सांगितलं, काही गोड केलं नाही. पोरीने मध्येच विचारलं, म्हणजे मी घेतली असती तर माझे केस गेले असते? सून म्हणाली, केस नंतर. तुझी उंची आधी थांबली असती. पोर थोडी हसली. तिला तिच्या उंचीचं फार आहे, वर्गात ती आधीच ठेंगणी.

मग ती बराच वेळ चादरीचा दोरा ओढत बसली. मला वाटलं आता रडेल, चिडेल, पंप फेकून देईल. मला राहवेना, पण माझ्या सुनेने माझ्याकडे एकदा अशा नजरेने पाहिलं की मी दाराच्या चौकटीला टेकून राहिलो.

"दुसरी गोळी करणार तू?"

"हो. सोमवारपासून."

"किती वर्षं लागतील?"

मी मनात म्हणालो, सांग दोन वर्षं. पोरीला धीर येईल असं काहीतरी सांग.

"माहीत नाही," सून म्हणाली. "बरीच."

पोरीने मोठा श्वास सोडला. "तू ना, कधीच काही चांगलं सांगत नाहीस."

"जे आहे ते सांगते."

"हां, मालूम है." मग ती उठली, दाराशी ठेवलेला, सकाळी औषध ओतून टाकलेला रिकामा पंप उचलून आणला आणि आईच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, औषध भर, पण सुई मी टोचणार, तू सारखं त्याच जागी टोचतेस. सुनेने सिरिंज भरली. पोरीने तिच्या हातातून सुई घेतली, कापूस फिरवला आणि माझ्याकडे वळली.

"आबा, तुम्ही बाहेर जा."

मी बाहेर आलो. आतून आधी कुजबुज, मग सून काहीतरी शिकवत असल्याचा आवाज, मग पोरीचं आई गं, मग हसणं. मुलगा ऑफिसातून आला तेव्हा मी तसाच दाराबाहेर उभा होतो. काय झालं म्हणून त्याने खुणेने विचारलं. मी म्हणालो, पंप लागला. त्याने खोटं बोलावं लागलं का असं विचारलं. मी म्हणालो, तुझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही, पुढच्या वेळी तिला सांगूही नकोस.

तेव्हापासून पोर पंप स्वतः लावते. कधी कुरकुरते, कधी माझ्यावर राग काढते, पण चुकवत नाही. गेल्या तपासणीत हृदयातलं लोखंड उतरायला लागलंय, त्याच जुन्या औषधाने. डॉक्टर म्हणाले, फरक आहे, असंच चालू ठेवा. सून ठरल्याप्रमाणे सोमवारी पुन्हा कामाला लागली, आता नव्या रेणूवर आहे आणि या वेळी पहिल्या उंदरापासून जस्तही मोजते. जेवताना पुन्हा भिंतीकडे बघत बसते. परवा नात तिला म्हणाली, आई, पोळी थंड होतेय, तुझी गोळी कुठे पळून नाही जात. सुनेने मान हलवली आणि घास घेतला. मी दोघींच्या ताटात अजून एक एक पोळी वाढली.